बशीरभाईंचा पिरोजी

बशीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अवसरीला बहिणीकडे जेवायला बसलो होतो. रविवार होता. खरं म्हणजे त्या वेळी मी जुन्नरमध्ये, त्यांच्या पलंगाशेजारी असायला हवं होतं. पण सलग दुसरा रविवार मी टाळला होता. हातातला घास हातातच राहिला...

टेम्पोंवर नावं रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अर्धांगवायूचा झटका आला आणि हा फिरता माणूस एका खोलीत अडकला. पलंगासमोर एकच खिडकी, आणि खिडकीत बोळापलीकडची आमच्या घराची मागची भिंत, काळी, शेवाळलेली. दोन वर्षं ते तीच पाहत होते. एकदा म्हणाले, "मास्तर, आभाळ तर तुमी दाखवू शकत न्हाई. भिंतीला पिरोजी तरी मारा."

मी आपला शहाणा. भिंत घासली, दुकानातल्या कार्डावरचा एक निळा उचलला आणि वीतभर रुंद पट्टा मारला. बशीरभाई अर्ध्या तोंडानं हसले. "ह्यो आसमानी झाला." मग त्यांनी बोटातली आईची अंगठी दाखवली, पिरोज्याची. खडा नवा असतो तेव्हा निळा असतो. वर्षानुवर्षं घाम, तेल, साबण पिऊन त्यात हिरवी झाक उतरते. "माणसाच्या अंगावर राहिलेला निळा, त्यो पिरोजी," ते म्हणाले. मराठीचा मास्तर मी; शब्दकोशात 'निळसर हिरवा' एवढंच वाचलेलं.

मग दर रविवारी घरून रंग कालवून न्यायचा आणि नवा पट्टा मारायचा. कधी हिरवा कमी पडे, कधी जास्त, पाचव्याला म्हणाले, "लई जवळ आलं, पण न्हाई." मध्ये चहा व्हायचा, टेम्पोवाल्यांचे किस्से निघायचे. मी उठलो की त्यांचा चांगला हात माझी बाही धरून ठेवायचा. त्या खोलीत माझाही जीव गुदमरायचा, हे आता कबूल करतो. त्या पाचव्या पट्ट्यालाच मी वैतागलो. "तुमचा पिरोजी तुमच्याजवळच ठेवा," म्हणालो... आणि पुन्हा गेलोच नाही.

चाळिसाव्याला गेलो तेव्हा त्यांच्या लेकीला, शबानाला विचारलं, भिंत आता कशानं रंगवू? ती म्हणाली, "तिसऱ्यानं, काका. तिसराच बरोबर व्हता. अब्बा त्याच दिवशी मला बोलले. मी म्हटलं, मग सांगत का न्हाई? तर म्हणले, हो म्हटलं की मास्तर एका दिवसात भिंत रंगवून मोकळा व्हईल. मग परत कशाला येतोय?"

तिसऱ्या रंगाचा डबा माझ्याकडे आहे. वर साय धरली आहे. माझा भाऊ म्हणतो, एकदाची भिंत पुरी रंगव, ते पट्टे बरे दिसत नाहीत. मी हो म्हणतो. गेल्या रविवारी बोळात गेलो, तर शबानानं खिडकी उघडून ठेवली होती. आतला पलंग दिसत होता. मी सहावा पट्टा मारला.

मुद्दाम चुकीचा.