नखाएवढं कार्ड

माझी सून मीरा हिने तळहातावर ठेवून दाखवलं, ते करंगळीच्या नखाएवढं मेमरी कार्ड होतं. "आई, ह्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम भरून आणलीय. आता बाबांच्या लॅपटॉपला हार्ड डिस्क नसली तरी चालेल."

अर्धांगवायूने ह्यांची वाचा गेली, तेव्हापासून हे लॅपटॉपवर डाव्या हाताने टाइप करून आमच्याशी बोलतात. मागच्या आठवड्यात त्याची हार्ड डिस्क बंद पडली आणि घरच मुकं झालं. मी पाटी पुढे केली, तर डाव्या हाताचं गिचमिड अक्षर नको म्हणून ह्यांनी ती बाजूला सारली.

मीराने कार्ड रीडरमध्ये घालून लॅपटॉपला जोडलं आणि बटण दाबलं. पडदा बराच वेळ काळाच होता. हे श्वास रोखून बघत होते. मग हळूहळू निळसर उजेड पसरला, चित्रं उमटली, मराठी कीबोर्डसुद्धा आला. माणसाचं रागावणं, थट्टा, हट्ट हे सगळं एवढ्याशा कपच्यावर सुखाने राहू शकतं, ह्याचं मला फार नवल वाटलं. सगळं जरा सावकाश चालत होतं, पण आम्हाला कुठे घाई होती?

"बाबा, लिहा काहीतरी," मीरा म्हणाली.

हे एकेक अक्षर शोधत राहिले. आम्ही दोघी वाकून वाचू लागलो.

"केव्हापासून सांगायचंय. चहा पाणचट होतोय."

मी इतकी हसले, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग खुर्ची ओढून मी त्यांच्यासमोर मनसोक्त भांडायला बसले.