रिकाम्या घरातली मारहाण

अमावास्येला बिनधास्त नखं कापणाऱ्यांपैकी मी आहे. शाळेत केमिस्ट्री शिकवते, आणि स्टाफरूममध्ये भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी मीच हसते. म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लागले...

आम्ही मस्कतला, अल् घुब्रात राहतो. नवरा अविनाश, मूळचा चिपळूणचा, एसी मेंटेनन्समध्ये सुपरवायझर आहे. शांत, किंबहुना भित्राच. रस्त्यात कुणाचं भांडण दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर जाणारा माणूस. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की आम्ही दोघं डोंगरात चालायला जातो. गेल्या हिवाळ्यात जबल अख्दरला गेलो होतो. सैकच्या पठारावरून कड्याच्या कडेकडेनं एक पायवाट खाली उतरते. पायऱ्यापायऱ्यांच्या डाळिंबाच्या बागा, त्यांतून वाहणारा फलज, म्हणजे आपल्याकडच्या पाटासारखा दगडी पाट. वर डांबरी रस्त्याला लागून नवी वस्ती आहे. खाली घळीजवळ जुनी. तिथली दगडामातीची घरं लोकांनी केव्हाच सोडलीत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कुणीतरी हौसेनं जाईल.

भर दुपार होती. लख्ख ऊन, गार वारा, पाण्याची खळखळ. जुन्या वस्तीच्या कडेला, पाटाशी बसून आम्ही थालीपीठं खात होतो. मागच्या घरातून आवाज आला.

धप्प.

मग पुन्हा. ओल्या गोणीवर दांडका मारावा तसा. आणि त्यामागून माणसाचं ओरडणं... ओरडणं कसलं, श्वास तुटल्यावर येतो तो आवाज.

"कुणालातरी मारतायत," अविनाश म्हणाला.

"आपण वर जाऊ, गावात सांगू," मी म्हणाले. मला वाटलं तोच आधी उठून चालू लागेल. तो उठला, पण घराकडे गेला.

आत अंधार वगैरे काही नव्हता. छप्पर कोसळलेलं, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. चार भिंती, खाली माती, कोपऱ्यात शेळ्यांच्या लेंड्या. माणूस एकही नाही. आणि मार चालूच होता. आमच्यासमोर, चार हातांवर. प्रत्येक फटक्याला जमिनीवरची माती उडत होती. मी दारातच थिजले.

"अरे, बस्स! मरेल तो!" अविनाश ओरडला. कुणाला, ते त्यालाही माहीत नसावं. त्यानं हात पसरले आणि सरळ त्या उडणाऱ्या मातीत जाऊन उभा राहिला.

पहिला फटका त्याच्या बरगडीवर बसला. मी हाड मोडल्याचा आवाज ऐकला. तो गुडघ्यांवर आला. दुसरा पाठीवर — जॅकेट उभं फाटलं. तिसऱ्यात कान फुटला, रक्त भिंतीपर्यंत उडालं. मारणारं कुणी दिसत नव्हतं, फक्त माझ्या नवऱ्याचं शरीर हादरत होतं. आणि तो पळायचं सोडून खाली वाकला. हात जमिनीला टेकून, एखाद्याला पोटाखाली झाकावं तसा ओणवा झाला.

"अवि, बाहेर ये! अवि!"

"नाही येता येत... यानं धरलंय मला!"

मग मी आत घुसले. त्याची कॉलर धरून ओढायला लागले तेव्हा माझ्या मनगटावर असं काही आदळलं की डोळ्यांपुढे पांढरं झालं. हात लुळा पडला. मी दुसऱ्या हातानं ओढलं. किंचाळत, शिव्या देत ओढलं. आयुष्यात दिल्या नसतील अशा शिव्या. अविनाश जडच्या जड, जणू दोन माणसांना ओढतेय. एकदम काहीतरी सुटलं आणि आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर कोसळलो.

माझं किंचाळणं ऐकून वरच्या बागेतून एक वयस्कर ओमानी शेतकरी धावत आला. घराच्या आत त्यानं एकदासुद्धा बघितलं नाही.

"यल्ला, यल्ला, ऊपर चलो," तो मोडक्या हिंदीत म्हणाला आणि अविनाशला त्यानं खांद्यावर घेतलं.

"अंदर कौन है?" मी विचारलं.

"कोई नहीं रहता इधर."

"पर आवाज..."

"खलास. चलो बोला ना!"

त्यानंच आपल्या पिकअपमधून आम्हाला खाली शहरात हॉस्पिटलला पोचवलं. अविनाशच्या बरगड्या मोडल्या होत्या, माझं मनगट फ्रॅक्चर. मल्याळी डॉक्टरीणबाईंनी मला पडद्याआड नेऊन हळूच विचारलं, "तुमच्यात मारामारी झाली का?" पोलीसही येऊन गेला. आम्ही कड्यावरून घसरलो असं सांगितलं. दुसरं काय सांगणार? मग डॉक्टरीणबाईंनी मला अविनाशचे दंड दाखवले. दोन्ही दंडांवर बोटांचे निळे ठसे होते. समोरून, खालून घट्ट धरल्याचे. मी ओढलं होतं ते कॉलर धरून, तेही मागून.

अविनाश बरा झाला, कामावर जाऊ लागला. या विषयावर तो बोलतच नसे. एका शुक्रवारी चहा पिता पिता अचानक म्हणाला, "मेधा, माझ्याखाली होता ना, तो लहान नव्हता. दाढी टोचत होती माझ्या गळ्याला. पण एखाद्या पोरासारखा बिलगला होता." "तू मला ओढलंस, तेव्हा मार थांबला ना?"

"थांबला," मी म्हणाले.

मी खूप विचार केला. भूगर्भातला गॅस, उंचीमुळे होणारे भास, दोघांना एकाच वेळी झालेला भ्रम — विज्ञानातलं जे जे मला ठाऊक आहे ते सगळं लावून पाहिलं. मोडलेल्या हाडांपाशी येऊन सगळं अडतं. वर जाताना अविनाश पूर्ण शुद्धीत होता, माझ्याशी बोलत होता, तरी त्याला मागचे आवाज कसे ऐकू आले नाहीत, तेही कळत नाही.

कारण मार थांबला नव्हता. आम्ही वाट चढत होतो तेव्हा मागून फटके येतच होते, आणि मार खाणारा तो माणूस आता ओरडत नव्हता, आम्हाला हाका मारत होता. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही ते ऐकू येत असणार. प्रत्येक हाकेला त्याची पावलं आणखी भरभर पडत होती.