पाहुण्यांसाठी भैरवी

बाबांच्या फोनमध्ये गाण्यांचा नुसता ढीग झालेला. तो आवरायला मी एका रविवारी ठाण्याहून कोपरला गेलेले. गायकांप्रमाणे प्लेलिस्ट लावण्यात माझी अख्खी दुपार गेली, पण बाबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना एकच हवी होती, सगळ्या भैरव्यांची.

"मैफल संपवताना भैरवी गातात ना, तशी पाहुणे उठेनासे झाले की लावायची," ते म्हणाले.

"शोभतं का हे?" आई आतून म्हणाली. मी मात्र लगेच करून दिली.

संध्याकाळी तळमजल्यावरचे काका आले आणि सोसायटीच्या पार्किंगवर सुरू झाले. चहा झाला, पोहे झाले, तरी काका हलेनात. बाबांनी शांतपणे भैरवी लावली. काकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा, किती शांत वाटतं. अजून एक लावा." अख्खी प्लेलिस्ट ऐकूनच ते उठले.

मग मीही पर्स उचलली. "निघते हं बाबा, उशीर झाला."

"बस गं जरा," फोन खिशात टाकत बाबा म्हणाले. "तुझ्यासाठी लावलीय का मी भैरवी?"