आईच्या डोळ्यासाठी घेतलेली गाडी

गाडी मी हौसेनं घेतली नाही. आईनं घ्यायला लावली, आणि तेही तिच्या मनात नसताना.

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावाही त्याच वाटेनं निघाला होता. एकदा तिनं अंगणातल्या धानाच्या पोत्याला शेजारची बकरी समजून चांगलं खडसावलं, पोतं हलेना म्हणून काठीही घातली. चहात मीठ तर नेहमीचंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी लांबवलं तर डोळा हातचा जाईल. पण ऑपरेशनचं नाव काढलं की आईचे बहाणे सुरू. आधी रोवणी, मग कापणी, मग थंडी. शेवटी तिनं असा बहाणा शोधला की माझी बोलतीच बंद झाली. एसटीत धूळ येते, ती डोळ्यात गेली तर काय करायचं, घरची गाडी असती तर कधीच गेली असती. सावली गावाजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या दारात गाडी कुठून येणार, असा तिचा अंदाज होता.

इथं ती मला ओळखायला चुकली. तुझ्यानं होणार नाही, असं कोणी नुसतं सुचवलं तरी माझं डोकं सटकतं. नवरा नोकरीपायी सिरोंच्याला, म्हणून मी शाळेला सुटी पाहून गाडी शिकले आणि वरोऱ्याला जाऊन एक जुनी पेट्रोलची गाडी घेऊन आले. विकणारा म्हणाला, एकाच माणसाच्या हातची आहे, घरगुती वापराची. मागचा भाग जरा खाली बसलेला दिसत होता. ते विचारलं तर म्हणाला, मालकाच्या घरची माणसं अंगानं भरलेली होती. मला पटलं. वस्तू आवडली की माणसाला काहीही पटतं.

गल्लीत पेढे वाटले. आईला पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसवलं. तिनं सीट चाचपली, खाली हात घालून पाहिलं आणि एकदम गप्प झाली. मला वाटलं, बिचारीला भरून आलं.

आई गप्प होणं ही साधी गोष्ट नाही. वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोली जिल्ह्यात, आमचं मूळ गाव. तिथं दारूबंदी, म्हणून इकडून पुलावरून चोरून दारू जायची. आई त्या गावातल्या दारूबंदीच्या बायांची पुढारीण. बाया रस्त्यात आडव्या उभ्या राहून गाड्या थांबवत, आणि गाडी थांबली की झडती घ्यायला आई आत शिरे. अंगापिंडानं मोठाली माणसं तिला पाहून शेतातून पळत सुटलेली मी लहानपणी पाहिली आहेत. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडं आणलं, तेव्हा पलीकडचे दारूवाले सुटलो म्हणाले असतील.

तर अशा बाईला गुरुवारी दहाच्या आत गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ऑपरेशन करणारा डॉक्टर बाहेरून यायचा, तोही फक्त गुरुवारी. ही तारीख चुकली तर आई पुन्हा कधी तयार होईल याची काही खात्री नव्हती.

सकाळी मी गाडी चालू करून पाहिली. एका सेल्फमध्ये उठली. बंद केली, आईला आणून बसवलं, आणि घराला कुलूप लावायला परत गेले. पाण्याची बाटली विसरली, तीही घेतली. येऊन किल्ली फिरवली, तर गाडीनं क्षणभर धरल्यासारखं केलं आणि मेली. त्यानंतर नुसतं गुर्र, गुर्र, गुर्र. सेल्फ छान घेत होती, इंजिन काही उठेना.

मी शिव्या देत नाही, शिक्षिका आहे. पण त्या गाडीला मी ज्या नजरेनं पाहिलं, तिनं चौथीचा वर्ग दिवसभर गप्प बसला असता.

आमच्याकडं गाडी बंद पडली की माणसं बोलवावी लागत नाहीत. पहिले आले समोरचे भाऊ. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि सांगितलं की पाइपात हवा धरली आहे, नळी सोडून हवा काढावी लागेल. मी म्हटलं, भाऊ, ते डिझेलच्या गाडीत होतं, ही पेट्रोलची आहे. ते म्हणाले, हवा ती हवा. तेवढ्यात कोपऱ्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून विकणारा खर्रावाला आला. त्याचं म्हणणं, धान घरात आलं की उंदीर गाडीत शिरतात, वायर खाल्ली असेल. उंदीर येऊ नयेत म्हणून बोनेटखाली तंबाखूची पुडी ठेवायचा सल्ला त्यानंच मला दिला होता. बोनेट उघडलं. पुडी जागच्या जागी होती, वायरी शाबूत होत्या, उंदराचा पत्ता नव्हता. तो म्हणाला, पाहा, पुडीचा गुण. गाडी का चालत नाही हा प्रश्न त्यानं तिथंच सोडून दिला.

मग ठरलं, धक्का मारायचा. आईला उतरायला सांगितलं, तर ती म्हणाली, गुडघे दुखतात, मी बसूनच राहते. तिच्या संध्याकाळच्या बैठकीतल्या तिघी बाया एव्हाना विहाराच्या कट्ट्यावरून उठून आल्या होत्या, त्यांनीही पदर खोचून हात लावला. गाडी गल्लीतून चौकापर्यंत गेली. आई आत आमदारासारखी बसलेली, ओळखीचं कोणी बोललं की आवाजाच्या दिशेनं हात हलवत होती. गाडी उठली नाही. चौकातून घरापर्यंत चढ आहे, हे कोणालाच आधी आठवलं नव्हतं. परत आणताना भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

या सगळ्यात आईचा स्वभावच मला कळेना. मी घामाघूम, घड्याळाकडं पाहून जीव वरखाली, आणि ही तांदूळ निवडायला बसल्यासारखी निवांत. गाडी जितकी जास्त गुरगुरे तितकी तिची तब्येत खुलत होती. शेवटी म्हणाली, राहू दे बाई, एवढ्या लोकांले काऊन तरास, घरी जाऊ, भाताले आधण ठेव. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागानं आलं का दुसऱ्या कशानं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. ज्या एका कामासाठी ही गाडी घेतली, त्याच कामाच्या दिवशी तिनं दगा द्यावा.

फोन करून बोलावलेला सावलीचा गाड्यांचा मिस्त्री फटफटीवर आला तेव्हा त्याच्या तोंडात खर्रा होता. त्यामुळं तो हनुवटी वर करून, अगदी थोडं बोलत होता. ते बरंच झालं, कारण बोलणारे पुष्कळ होते. काटा दाखवून मी पेट्रोल असल्याचं सांगितलं. त्यानं हातानं सगळ्यांना चूप केलं, मला किल्ली नुसती चालूवर आणायला लावली, सेल्फ न मारता, आणि कान मागच्या सीटला लावला. किल्ली चालू केली की मागं टाकीतला पंप घूं करतो म्हणे. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. कुठंतरी बकरी ओरडली. पंप काही बोलला नाही.

मिस्त्री रस्त्याकडेला जाऊन थुंकून आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. फ्यूज पाहिला, चांगला निघाला. मागची सीट उचलली, पंपाच्या वायरीला दिवा लावून पाहिला, करंट नव्हता. मग त्याला एक काळी वायर दिसली. ती कंपनीची नव्हती, कोणीतरी नंतर जोडलेली होती. ती गाद्यांखालून पुढं आली होती. तो वाकून तिच्यामागं मागं सरकत आला, आणि वायर जिथं गेली होती तिथं येऊन थांबला. ती आईच्या सीटखाली गेली होती.

"बाई, जरा उतरा," तो म्हणाला.

आई म्हणाली, नाही उतरत. मी म्हटलं, आई, पाच मिनिटं. तिनं सीटची कड दोन्ही हातांनी धरली. भाऊंनी समजावलं, बायांनी समजावलं. ती पुढं काचेकडं पाहत बसून राहिली. तिथं माझा संयम संपला. सगळ्या गल्लीसमोर मी तिला फाडफाड बोलले. दोन वर्षं तुझ्यामागं लागले, गाडी शिकले, लोकांचे टोमणे खाल्ले, आणि आता एवढंसं उठणं होत नाही तुझ्यानं, असं बरंच काही. बोलून झालं तेव्हा माझा गळा दुखत होता.

आईनं हळूच सांगितलं, यायले जरा दूर कर. मी सगळ्यांना मागं सारलं आणि तिच्या दाराशी बसले.

"इथी खाली खटका हाये," ती म्हणाली. "तू कुलूप लावाले गेली, तवा मीच बंद केला."

आईनं मग सगळं सांगितलं. दारूची ने-आण करणाऱ्या गाड्यांत असा खटका बसवलेला असतो. गाडी धरली गेली की चालवणारा खटका दाबून पळतो. मग पोलिसांनी कितीही सेल्फ मारला तरी गाडी उठत नाही, आणि रात्री तो येऊन ती घेऊन जातो. तिनं असल्या गाड्या बैल जुंपून ठाण्यात नेल्या होत्या. मग ती खटका शोधायला शिकली. माझी गाडी आली त्या दिवशी तिचा हात सवयीनं सीटखाली गेला, आणि कोणाची गाडी मी घरी आणली आहे ते तिला तिथंच कळलं. मागचा भाग दारूच्या पेट्यांच्या ओझ्यानं बसला होता, ते मलाही आत्ता कळलं. मालकाच्या घरची माणसं म्हणे भरलेली.

मी विचारलं, तेव्हाच का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तू पेढे वाटून राह्यली होती.

मला हसू येत होतं आणि रडूही. आयुष्यभर ज्या गाड्यांपुढं ती आडवी उभी राहिली, त्यातलीच एक मी तिच्यासाठी आणली होती, आणि माझ्या आनंदासाठी ती मुकाट्यानं तीत बसली होती. पण मग खटका का बंद केला? हे विचारल्यावर ती पदराशी चाळा करू लागली.

"मले भेव वाटते. डोळ्यात सुई टोचतात."

"दारूवाल्यांच्या गाड्यांपुढं उभी राहायचीस, तेव्हा नाही भेव वाटलं?"

"तवा सोबत बाया होत्या," आई म्हणाली.

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. दोन वर्षं मी तिला डॉक्टर समजावला, गोळ्या समजावल्या, खर्च समजावला, धुळीवर उपाय म्हणून गाडी आणली. एकटीनं जायचं नाही तिला, एवढं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी उठले आणि त्या तिघी बायांना म्हटलं, मावशी, आईसोबत गडचिरोलीला चलता का. कशाला, असं एकीनंही विचारलं नाही. एक चुलीवरचं उतरवून आली, दुसरी नातवाला सुनेकडं देऊन आली, तिसरी होती तशीच बसली. त्या आल्याबरोबर आईनं सीटखाली हात घातला. टक् असा आवाज झाला. मी किल्ली चालू केली, मागं पंप घूं करून बोलला, आणि गाडी एका सेल्फमध्ये उठली.

गल्लीला मी सांगितलं, वायर ढिली होती. भाऊ म्हणाले, धक्क्यानं हवा निघून गेली, मी सांगत होतो. खर्रावाला अजूनही उंदराचं नाव घेतो. मिस्त्रीला सगळं समजलं होतं. त्यानं नवा खर्रा तोंडात टाकला आणि तोंड बंद केलं.

पूल ओलांडल्यावर आईनं जुन्या गावापाशी गाडी थांबवायला लावली आणि तिथली तिची एक साथीण चढली. त्या दोघींनी मिळून अशा किती गाड्या अडवल्या असतील. साथिणीनं आत बसताच आईच्या सीटखाली चाचपलं, आईकडं पाहिलं, आणि दोघी इतक्या हसल्या की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दहा वाजायचेच होते. नर्सनं विचारलं, पेशंटसोबत कोण आहे. पाच जणी एकदम पुढं झाल्या. आई हसतच आत गेली.

पट्टी सुटल्यावर तिनं पहिलं काम केलं ते गाडीला फेरी मारण्याचं. मागं येऊन थांबली, बसलेला भाग नीट पाहिला. "एवढं आंधळ्यालेही दिसते," म्हणाली. "मोतीबिंदू तुले होता का मले?"

खटका काढून टाकतो, असं मिस्त्री म्हणत होता. मी नको म्हटलं. डाव्या डोळ्याच्या तारखेला आई माझ्याआधी गाडीत जाऊन बसली. मी कुलूप लावून आले, किल्ली घातली आणि न राहवून तिच्याकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात वर करून दाखवले, वर्गात पोरं दाखवतात तसे. मग मागं वळून, डावा डोळा बारीक करून, बाया सगळ्या आल्या का ते पाहून घेतलं.