मांडववाल्याचा डबा आणि चांदी म्हैस

हौशीराम लालगुडे, म्हणजे आमचे आबा, यांच्या घरात एकाही भिंतीला खिळा नव्हता. दिनदर्शिका खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली. घड्याळ तुळईला टांगलेलं; वारा आला की ते वळून भिंतीकडे तोंड करायचं, मग वेळ बघायची तर आधी घड्याळ सरळ करावं लागे. त्यांच्या पत्नी शालूबाई लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात एक फळी मागत होत्या. आबांनी ती दिलीही, पण आढ्याला दोऱ्या बांधून. तिच्यावर चहाचा डबा ठेवला की साखरेचा डबा घसरायचा.

याला कारण आबांचा धंदा. आमच्या वडिवळ्यापासून इंदुरीपर्यंत तीसेक वर्षं त्यांनी लग्नांना, जत्रांना मांडव घातले, लाइटिंग केलं. लोकांच्या दारात काम. तिथं ना भिंतीला खिळा ठोकायचा, ना चौकटीला भोक पाडायचं. सगळं काथ्याने आणि गाठींनी उभं करायचं. वाशांसाठी खड्डे घ्यावेच लागत, पण मांडव उतरवला की आबा ते असे बुजवत, माती ठोकत, वर शेणाचा हात फिरवत, की इंदुरीतल्या एका वधूपित्याला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अंगणात एकही खड्डा सापडला नव्हता. "मांडव हुता का न्हाई, असं वाटलं पायजे," आबा सांगत. हा त्यांचा नियमच होता.

गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी मांडवाचं सामान काढून टाकलं. पण रिकामं बसणं त्यांना जमेना. लोणावळ्यात एका बंगल्यामागे, जांभळीखाली, एक चाकांचा डबा पडून होता. जीपमागे जोडून ओढायचा, आत दोन पलंग, छोटा ओटा, न्हाणीघर. मालक परदेशी निघाले होते. आबांनी त्यांच्याकडे पुष्कळदा लाइटिंग केलेलं. "घेऊन जा," ते म्हणाले. शहरातले लोक त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. वडिवळ्यात तो 'आबांचा डबा' झाला, आणि शालूबाईंच्या तोंडी 'ते डबडं'.

आबांनी तो घरासमोर, आंब्याखाली, धरणाचं पाणी दिसेल असा लावला. रंग दिला, पडदे बदलले. कामशेतला दिलेल्या त्यांच्या मुलीने, सारिकाने, फोटो काढून बुकिंग सुरू केलं. दिवाळीनंतर शनिवार-रविवारी पाहुणे येऊ लागले.

डब्याला लाइट घराच्या ओसरीतल्या बोर्डावरून न्यायची होती. आबांनी दोन बांबू रोवले, वरून वायर नेली, शोभेला तोरण सोडलं आणि टोक डब्याच्या खिडकीतून आत घेतलं. आठवडाभर सगळं छान चाललं. मग पेंढा भरलेला ट्रॅक्टर खालून गेला आणि तोरणासकट वायर घेऊन गेला.

मग आबांनी वायर जमिनीवरून नेली. आणि चांदीने संप केला.

चांदी म्हणजे शालूबाईंची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभाव पाटलिणीचा. रोज संध्याकाळी पाण्यावरून यायची आणि घर आणि डबा यांच्या मधून गोठ्यात जायची. भाद्रपदात त्याच वाटेवर तिच्या खुरांजवळून धामण गेली होती. त्यामुळे काळं, लांब, आडवं पडलेलं काही दिसलं की तिच्या लेखी तो विषय संपला. वायरीपाशी आली, फुस्स केलं आणि थांबली. आत रेडकू ओरडतंय, बाहेर चांदी उभी. कशीबशी दोघांनी ढकलून नेली, तर तिने पान्हा चोरला. डेअरीत जायला दूधच नाही.

आबांनी मांडवासारखे नंतर उतरवता येतील असेच सगळे उपाय केले. वायरीवर पोतं टाकलं; चांदीने पोत्याचा वास घेतला आणि दोन पावलं मागे सरली. फळी टाकली, खूर पडताच ती वाजली. वायर उचलून खांद्यावर घेऊन उभे राहिले, तर तिला वाटलं, साप आता उभा राहिला. वायर काढून गुंडाळली, तर चांदी त्या जागेचा वास घेत खिळून राहिली. तोवर डब्यात अंधार, आणि न्हाणीघरातून साबण लावलेला पाहुणा हाका मारतोय. शेवटी बांधावरून फिरवून आणली, तर तिने वाटेत मारुतीची मसूर खाल्ली.

मारुती शेजारीच राहतो. दारात येऊन म्हणाला, "आबा, पावनं तुमचं आनि जेवान माज्या रानात?"

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी तळेगावहून कंपनीतून घरी आलो, तर आबा पारावर वाट बघत बसलेले. मी त्यांच्या घरामागच्या आळीतला. लोणावळ्यात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. लहानपणी त्यांच्याच तोरणाचे बल्ब बदलून मला या कामाची गोडी लागली.

"प्रितम, म्हशीला समजवायचं शिकीवलं का रं तुमच्या कालेजात?"

"नाही आबा. पण वायरीला समजावता येईल."

मी जाऊन पाहिलं. आबांनी टेप मारून वायर नीट केली होती, पण खिडकीच्या कडेत ती दबून चपटी झाली होती. डबा पत्र्याचा, उभा रबरी टायरांवर. आतली तार पत्र्याला टेकली तर सबंध डबा करंट मारेल. मी आधी ओसरीतला स्विच बंद केला.

ओसरीत बसून मी सांगितलं, "वायर जमिनीखालून पाइपातून न्यायची. डब्याजवळ खांबावर पेटी. डब्याच्या अंगात कंपनीत असतो तसला झाकणाचा निळा प्लग बसवायचा. खिडकी मोकळी. डब्याचा सांगाडा अर्थिंगला जोडायचा, आणि करंट गळला तर आपोआप बंद करणारा स्विच लावायचा. पाहुणे आले की खटकन जोडायचं, गेले की काढायचं."

आबांनी सगळं मान डोलावत ऐकलं. मग विचारलं, "अंगात म्हंजी?"

"बाजूच्या पत्र्याला भोक पाडायचं."

"न्हाई."

"आबा, मुठीएवढंच..."

"भोक पाडलं की पानी शिरतं. आपला पाऊस ठाव हाय न्हवं तुला? आनि उद्या डबा हलवायचा म्हनलं तर? खांब, खड्डा, भोक... मागं काय ऱ्हायलं न्हाई पायजे."

"रबर बसवू, सिलिकॉन भरू. पाणी नाही शिरणार."

"दुसरं काय तरी सांग."

आतून शालूबाई आल्या. हातात दुधाची रिकामी चरवी. ती त्यांनी आबांसमोर ठेवली.

"ही बगा. चार दिस झालं, चांदी धड दूध देईना. भाईर बांदू म्हनलं तर बिबट्या फिरतोय. उद्याच्या सांजला ती गोट्यात आली पायजे. न्हायतर सारिकाला फोन लावा, आनि पावन्यांना सांगा, डबा बंद."

"अगं, पन डब्याला भोक..."

"अवं, कुनाचा डबा हाय त्यो?"

"माजा."

"अंगान कुनाचं?"

आबांनी चरवी हळूच बाजूला सरकवली.

"सारी उमर लोकांच्या दारात मांडव घातला, तवा ठीक हुतं. लोकाची भित, लोकाची चौकट. आता आपल्या दारात बी पावन्यावानी ऱ्हानार का तुमी? म्या इतकी वर्सं झोपाळ्यावरनं साखर काडतीया!"

मला हसू आवरेना. आबाही हसले, पण कसंनुसं. मग डब्याकडे एकदा बघून उठले. "सकाळी ये," एवढंच म्हणाले.

सकाळी पोचलो, तर आबांनी वाटेवर चर खणून ठेवलेला, गुडघाभर खोल, दोरी धरून सरळ. डब्याजवळ खांब रोवलेला, त्याच्याशेजारी अर्थिंगचा खड्डाही तयार; त्यात भरायला मीठ, कोळसा आणून ठेवलेला. मेन स्विच काढून मी पाइपातून वायर ओढली, पेटी बसवली, स्विच जोडला. मग गोल पातं लावलेलं ड्रिल मशिन आबांच्या हातात दिलं.

"तू पाड," ते म्हणाले.

"तुमचा डबा आहे, आबा."

त्यांनी पेन्सिलीची खूण तीनदा पाहिली. पत्र्यावरून हात फिरवला. दात आवळून, डोळे बारीक करून मशिन दाबलं. पत्रा किंचाळला, वरचा कावळा उडाला, आणि वाटीच्या तळाएवढी पत्र्याची चकती आबांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलली, फुंकर मारली आणि खिशात घातली.

"झालं?"

"झालं."

"येवडंच?" आबा म्हणाले. मग मान खाली घालून भोकातून आत डोकावले. "आतला पडदा दिसतुया की रं!"

प्लग बसला, झाकण लागलं, कडेने सिलिकॉन भरलं. मी सगळं तपासून स्विच टाकला. डब्यातला दिवा लागला. तेवढ्यात शालूबाई एक नवी फळी घेऊन दारात उभ्या. "ते गुरगुरनारं हितंच हाय नं अजून?" त्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीत चार भोकं पडली. ती पाडताना आबांनी डोळे बारीक केले नाहीत.

पण खरी परीक्षा संध्याकाळची होती. चर बुजवायचं काम आबांनी मला करू दिलं नाही. पाइपावर विटा मांडल्या, माती थराथराने ठोकली, पाणी मारलं, शेणाचा हात फिरवला, वर आंब्याचा पाचोळा टाकला. मी स्वतः पाइप टाकलेला, पण जागा विचाराल तर मला दाखवता आली नसती.

चार वाजता पाहुणे आले. पुण्याच्या अनघाताई आणि त्यांचे वडील. डबा त्यांना फार आवडला. दिवेलागणीला चांदी पाण्यावरून परतली. शालूबाई गोठ्याच्या दारात चरवी घेऊन उभ्या. आबा ओसरीत चहाचे कप ट्रेमध्ये मांडत होते, ते तसेच थांबले. रेडकू आत ओरडलं.

चांदी आली आणि नेमकी त्याच जागी थांबली. मान खाली घातली, पाचोळ्याचा वास घेतला. एक कान हलवला. या वेळी डब्यातला दिवा मात्र जळत होता. घाई कुणालाच नव्हती.

मग तिने पुढचा एक पाय उचलला, चांगला पोटापर्यंत, आणि काहीच नसलेल्या जागेवरून पलीकडे टाकला. मग दुसरा. मागचे दोन्ही तसेच, एकेक करून. आणि झपाझपा गोठ्यात गेली. थोड्या वेळाने चरवीत धारांचा आवाज येऊ लागला.

अनघाताई डब्याच्या पायरीवर बसून सगळं बघत होत्या. "काका, तुमची म्हैस अशी का चालते?"

"तिला अजून वायर दिसतीया, ताई," आबा हसत म्हणाले. "जनावराची जात. सवय लागली की सुटत न्हाई."

असं म्हणत ते चहाचा ट्रे घेऊन डब्याकडे निघाले. त्या जागी पोचले, आणि कप सांभाळत त्यांनी आपला दुखरा गुडघा चांगला वर उचलला, पाय पलीकडे टाकला, मग दुसरा.

गोठ्यातून धारांच्या मधूनच शालूबाईंचा आवाज आला. "एक न्हाई ताई, दोन म्हशी हायेत आमच्याकडं!"