सातव्या पायरीवर अडलेली पाइपलाइन

सुरुवात माझ्या गाढवपणानं करतो, म्हणजे सांगणारा किती 'हुशार' आहे ते कळेल. जुनी लॉगिन्स आपोआप काढणारी स्क्रिप्ट लिहिली आणि पहिल्याच फटक्यात तिनं माझंच लॉगिन उडवलं! ऑफिसातल्या देवधर काकांनी हसत हसत ते परत चालू केलं. "अरे, स्वतःलाच नारळ दिलास की!"

भुतंखेतं, संकेत-बिंकेत यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही म्हणतो... फक्त जरा हळू आवाजात.

साल २००८. मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना. आमची कंपनी हॉस्पिटलांचा डेटा भाड्यानं घेतलेल्या, लांब कुठेतरी असलेल्या सर्व्हरांवर सांभाळायची. 'क्लाउड' हा शब्द तेव्हा नवा कोरा होता. आमचा मॅनेजर ग्रेग तो दर वाक्यात वापरायचा. दर शुक्रवारी दुपारी नवा डेटा आणि नवं सॉफ्टवेअर चढवायचं काम काकांचं. काका नाशिकचे, पंचावन्नचे, माझ्यासारखेच व्हिसावर, मुलगी अकरावीत. त्यांच्या वहीत या कामाच्या अकरा पायऱ्या होत्या. सातवीला ते थांबायचे. प्रत्येक हॉस्पिटलच्या नोंदी गेल्या आठवड्याशी ताडून बघायचे आणि मगच एंटर दाबायचे. त्यात तासभर जायचा.

हे सगळं आपोआप करणारी पाइपलाइन उभी करायचं काम माझ्याकडे आलं. काकांनी स्वतः वही समजावून दिली... दोन आठवडे, वर काकूंच्या हातची थालीपिठं. एवढंच म्हणाले, "सातवी काढू नकोस हं."

ग्रेग म्हणाला, "ड्रॉप इट."

मी काढली. डेमोत नऊ मिनिटांत काम झालं, टाळ्या पडल्या. तीन दिवसांनी काकांना आत बोलावलं आणि सामान भरायला खोकं दिलं. व्हिसावरचा माणूस — नोकरी गेली की देश सुटला.

अजून डोकं तापतं! ग्रेगवर तर तापतंच, पण त्याहून जास्त स्वतःवर. माझं ग्रीन कार्ड लटकलं होतं, म्हणून काका खोकं घेऊन निघाले तेव्हा मी मान खाली घालून मॉनिटरची केबल नीट करत बसलो. नीटच होती ती.

पुढचा शुक्रवार, दुपारचे दोन. ग्रेग माझ्या मागे उभा. सहा पायऱ्या सरसर गेल्या आणि मी काढून टाकलेल्या सातवीच्या जागी सगळं थांबलं. कर्सर नुसता लुकलुकतोय.

"हँग झालंय. किल इट!"

पण माझी नजर नोंदींच्या आकड्यांवर गेली. एका हॉस्पिटलच्या ॲलर्जीच्या नोंदी... शून्य. गेल्या आठवड्यात हजारो होत्या. पाइपलाइन पुढे गेली असती तर तिथल्या डॉक्टरांना प्रत्येक पेशंटपुढे 'ॲलर्जी नाही' असं दिसलं असतं. हॉस्पिटलकडून फाइलच अर्धवट आली होती. ती पुन्हा मागवून डेटा भरेपर्यंत दोन तास गेले. कर्सर तिथेच.

"नाऊ किल इट," ग्रेग खेकसला.

का कोण जाणे, मी एंटर दाबलं.

आठ, नऊ, दहा, अकरा. काम झालं!

आता ऐका — एंटरची वाट बघणारी ओळ त्या कोडमध्ये नव्हतीच. मी आणि आणखी दोघांनी अक्षर न् अक्षर वाचलं. लटकलेला प्रोग्रॅम एंटर दाबून पुढे सरकत नाही हो! नंतर तेच कोड वर्षभर चाललं, एकदाही अडलं नाही. का अडलं होतं, आजतागायत कळलेलं नाही.

सोमवारी ग्रेगनं सगळ्यांना मेल टाकला — आपल्या ऑटोमेशननं चूक पकडली! मीटिंगमध्ये मला उभं करून टाळ्या. काकांचं विमान बुधवारी होतं. 'ही काकांची पायरी आहे, त्यांना परत बोलवा,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "थँक यू."

बुधवारी त्या तिघांना एअरपोर्टला सोडलं. काकांची मुलगी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. घरी येऊन मी मेधाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं आणि ग्रेगला शिव्या घालत येरझाऱ्या घालू लागलो. तिनं पोळीखालचा गॅस बंद केला.

"पुरे. ते मशीन अडून बसलं रे काकांसाठी. तू का नाही बसलास?"