हातभर कमी सुतळी

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे. मेथी निवडायला बसले तरी दोनदा उठते. आणि माझी मुलगी नेमकी अशा खेळात पडली, की ज्यात आईनं हात बांधून नुसतं बघत बसायचं असतं.

खेळ म्हणजे फिगर स्केटिंग. टीव्हीवर मुली बर्फावर गिरक्या घेतात ना, तेच. फक्त आमच्या अमरावतीत बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, म्हणून आमच्या पोरी चार चाकांचे बूट घालून गुळगुळीत फरशीवर तेच करतात. लोकांना वाटतं यात नाचच बघतात. नाही हो! आधी गोल. जमिनीवर सहा मीटर रुंदीचा गोल आखलेला असतो. सुरुवातीला एकदाच पायानं रेटा द्यायचा, मग एका पायावर, रेघेवरूनच, अख्खा गोल फिरून निघालो तिथं परत यायचं. मधे दुसरा पाय टेकला की गुण गेले. आणि गोलांत जी मागे पडली, ती पुढं नाचात कितीही उडाली तरी वर येत नाही.

नियम मला मुलीपेक्षा जास्त पाठ होते. वय एक जानेवारीला धरतात. मे महिन्यात अकोल्याला आपल्या भागातल्या सगळ्या जिल्ह्यांची मिळून निवड चाचणी होते. तिथून प्रत्येक वयोगटातल्या दोघी राज्य स्पर्धेला जातात, तिसरी राखीव. माझी मुलगी लागोपाठ दोन वर्षं चौथी आली होती आणि त्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या जानेवारीपासून ती कॉलेजच्या पोरींत जाणार, मग तिचा नंबर केव्हा लागायचा? होईल ते याच वर्षी, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं.

तर फेब्रुवारीत आमच्या मैदानावरची फरशीच दुरुस्तीला काढली. चाचणीपर्यंत होणार नाही म्हणाले. माझं डोकं असं फिरलं की तिथल्या शिपायालाच चार शब्द सुनावून आले, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! शिकवणाऱ्या मॅडमनी नाचासाठी एका शाळेचा हॉल मिळवला, पण शाळेत गोल कोण आखू देणार? मग त्यांनीच विचारलं, ‘‘ताई, तुमच्या गच्चीवर घोटीव कोबा आहे ना? तीन मीटरची सुतळी घ्या, एक टोक मधोमध एकीनं धरा, दुसऱ्या टोकाला खडू धरून दुसरीनं गोल ओढा. वरून पेंट मारा. रोज सकाळी तासभर तिथंच फिरू द्या तिला.’’

आमची गच्ची त्या गोलाला पुरेल एवढी होती. अगदी काठोकाठ, पण होती. फक्त एका बाजूला माझ्या दोन बाजा होत्या. होळीच्या आधीपासूनच माझं वाळवण सुरू होतं. मूगवड्या, कुरडया, काडीवर वळलेले सरगुंडे. माझ्या हातच्या वड्या दर्यापूरला माहेरी जातात, अकोल्याला नणंदेकडे जातात, वलगावच्या जाऊबाई तर मागूनच नेतात, आणि त्याचा मला ताठा आहे, खोटं कशाला बोलू? बाजा दुसऱ्या बाजूला नेल्या तर टाकीची सावली पडत होती. ओली कुरडई सकाळच्या उन्हात गेली नाही तर आंबते. मी बाजांकडे बघितलं, सुतळीकडे बघितलं, आणि सुतळीला गाठ मारून ती हातभर आखूड केली.

मनात म्हटलं, हातभरानं काय होते?

मुलगी तेव्हा शाळेत होती, म्हणून मधोमध वरवंटा ठेवून त्याला सुतळी बांधली आणि गोल मी एकटीनंच ओढून रंगवला. संध्याकाळी आली आणि गोल बघून नाचायलाच लागली. ‘‘आई, माया घरचा गोल!’’ म्हणे.

त्यानंतर तीन महिने रोज सकाळी ती गोल फिरायची आणि मी एका हातानं वड्या घालत तिच्यावर नजर ठेवायची. सुरुवातीला मधेच अडखळायची. मग जमायला लागलं. रेटा दिला की हात पसरून, मान ताठ, एका पायावर सरसर येऊन बरोबर निघाल्या जागी उभी राहायची. मी पिठाच्या हातानंच टाळी वाजवायची आणि ओरडायची, ‘‘झाला पूर्ण!’’ मग ती पुन्हा निघायची. एप्रिलपर्यंत तर डोळे मिटूनही करायला लागली. मला वाटलं, आता हिला कोण अडवतो!

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही अकोल्याला नणंदेकडे मुक्कामाला गेलो, जुन्या शहरात. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. म्हणून चाचणी सकाळी साडेसहालाच ठेवली होती. सरावाला प्रत्येकीला दोन मिनिटं. माझी पोर दोन चकरा मारून कठड्याशी आली. कपाळाला आठ्या.

‘‘आई, हा गोल मोठा वाटून राहिला मले.’’

तेव्हा सांगायचं होतं. ‘बाई, मोठाच आहे, तुझाच लहान होता, जास्त जोरानं रेटा दे,’ एवढंच. दोन शब्दांचं काम. पण ऐन वेळी तिचं मन खचेल असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती वाटली की ती मॅडमसमोर विचारेल, काहून?

‘‘नवी जागा हाय ना बाप्पा, तसंच वाटते,’’ मी म्हणाले. ‘‘घरी करते तसंच कर.’’

तिनं घरी करायची तसंच केलं. तोच रेटा, तेच पसरलेले हात, तीच ताठ मान. रेघ एका बोटानंही सोडली नाही. आणि गोल संपायला तीन-चार हात उरले असताना चाकं मंदावली. मी कठड्याला धरून पुढं ओणवी झाले, जणू मी ढकलणार होते तिला! ती थरथरली आणि दुसरा पाय टेकला. दुसऱ्या गोलातही त्याच ठिकाणी टेकला. परीक्षक बाई वाकून रेघ बघत मागून चालत होत्या, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तिसऱ्याला पोरीनं बेभान रेटा दिला, गोल पूर्ण झाला, पण रेघ सुटली.

नाचात ती सगळ्यांत वर होती. हे मी आई म्हणून सांगत नाही, कागदावर होतं. एकूण बेरजेत तिसरी आली. राखीव.

यादी पाठवायला तीन आठवडे होते. तोवर दोघींपैकी कुणी माघार घेतली तर राखीव मुलगी जाणार, असा नियम. ते तीन आठवडे मी घरात नव्हतेच, फोनमध्ये होते. पोळी तव्यावर टाकून फोन बघायची, पोळी जळायची. हे म्हणायचे, ‘‘अवं, बस ना जरा!’’ कशी बसणार? एका सकाळी भांडी घासताना माझ्या मनात आलं, दुसरी आलेल्या त्या पोरीला थोडा ताप आला तर? थोडाच. मग माझीच मला इतकी शिसारी आली की हातातलं पातेलं आपटलं. कुणाचं लेकरू ते!

पण त्याहून वाईट दुसरंच चाललं होतं. मॅडम तिला म्हणाल्या होत्या, ‘‘शेवटी जोर कमी पडतो तुझा, पाय मजबूत कर.’’ मग ही पोर रोज सकाळी गच्चीवर उठाबशा काढायला लागली. शंभर, दीडशे. जिना उतरताना कठडा धरून उतरायची. जेवताना स्वतःच्या मांडीवर बुक्की मारून म्हणायची, ‘‘माये पायच बेकार हायेत.’’ मी भाजी वाढायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

यादी जायच्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी मैदानावरच्या एका आईनं फोटो पाठवला, त्या दोघी बॅगा घेऊन रेल्वे स्टेशनवर उभ्या. मी फोन पालथा ठेवून वर गेले. पोरीच्या उठाबशा चालूच होत्या. एकशे बारा, एकशे तेरा.

‘‘थांब,’’ मी म्हणाले.

‘‘दीडशे झाल्यावर.’’

‘‘तुये पाय चांगले हायेत. गोल लहान हाय.’’

ती अर्धी वाकलेली तशीच थांबली. मी सगळं सांगून टाकलं. सुतळी, गाठ, बाजा, अकोल्याला बोललेलं खोटं, सगळं. सांगताना मला रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता, कारण रडायचा हक्क तिचा होता. ती रडली नाही. खाली जाऊन शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आली, गुडघ्यावर बसून सरकत सरकत गोल मोजला. मग बाजांच्या पलीकडे कठड्यापर्यंत मोजलं. बाजा आता रिकाम्याच होत्या.

‘‘जागा होती,’’ ती म्हणाली.

‘‘होती.’’

‘‘मंग तू रोज ‘झाला पूर्ण’ काहून म्हणत होती?’’

मी बाजेला चिकटलेलं वाळकं पीठ नखानं खरवडायला लागले. मग टेप गुंडाळून तिनं खिशात घातला आणि बाजेच्या एका टोकाशी जाऊन वाकली.

‘‘धर त्या अंगानं,’’ ती म्हणाली.

मी धरलं.